मालवणचे प्रवाळ, आंबोलीचे धबधबे : एका सहलीचे नियोजन

समुद्राच्या पाण्याखालचे प्रवाळ आणि सह्याद्रीच्या कड्यावरून कोसळणारे धबधबे एकाच सहलीत पाहता येतील अशा जागा भारतात फार नाहीत. सिंधुदुर्ग जिल्हा ही त्यांपैकी एक. मालवणच्या किनाऱ्यावरून निघालेली गाडी दोन-अडीच तासांत आंबोलीच्या घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचते. अंतर कमी असले तरी या दोन ठिकाणांचे हंगाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. जो पाऊस आंबोलीचे कडे पांढरे करतो, तोच कर्ली आणि गड या नद्यांमधून लाल गाळ वाहून आणतो आणि मालवणचा समुद्र गढूळ करतो. सहलीचा महिना केवळ शाळेच्या सुट्ट्या पाहून ठरवला, तर दोहोंपैकी एक गोष्ट हातची जाते. म्हणून नियोजनाची सुरुवात पावसापासून करावी लागते.

जून ते सप्टेंबर हा धबधब्यांचा काळ. आंबोलीत वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटरस्त्यालगतचा प्रत्येक कडा वाहत असतो. याच काळात समुद्र मात्र खवळलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला म्हणजे पाणी लगेच नितळ झाले असे नसते. नद्यांचा गाळ खाली बसायला आणि लाटांचा जोर ओसरायला आणखी काही आठवडे लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पाण्याखाली पाहण्याचे उत्तम महिने. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतही पोहता येते, पण तेव्हा आंबोलीचे बहुतेक धबधबे कोरडे पडलेले असतात.

दोन्ही एकत्र साधायचे तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ निवडावा. घाटमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांनी पावसाळाभर मुरवून घेतलेले पाणी तेव्हाही झिरपत असते. त्यामुळे आंबोलीचा मुख्य धबधबा जुलैइतका रौद्र नसला तरी वाहता असतो, आणि समुद्र निवळू लागलेला असतो. या निवडीला एक जोखीम आहे. परतीचा पाऊस लांबतो आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळे याच दिवसांत उठतात. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ने सिंधुदुर्गची किनारपट्टी झोडपली, त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ कोकणावर आले होते. निघण्याच्या आधी दोन-तीन दिवस हवामान खात्याचा किनारपट्टीसाठीचा अंदाज पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर समुद्राचा बेत रद्द करावा आणि त्या दिवशी होडीवाल्याला भरीस घालू नये.

मालवणच्या पाण्याखाली काय दिसते, याची नेमकी कल्पना आधीच असावी. लक्षद्वीप किंवा अंदमानातील छायाचित्रे डोळ्यांपुढे ठेवून आलेल्यांचा विरस होतो. तिथे प्रवाळांनीच भिंती उभारल्या आहेत. मालवणला तसे नाही. येथे किनाऱ्याजवळच्या खडकांवर प्रवाळ ठिकठिकाणी वसलेले आहेत, बहुधा गोलसर दगडासारखे वाढणारे किंवा खडकाला पापुद्र्यासारखे चिकटून पसरणारे. रंग तपकिरी, हिरवट, पिवळसर. पाण्यात नजर बहुतेक दिवशी थोड्याच मीटरपर्यंत पोहोचते. इतक्या गाळाच्या आणि दरवर्षी चार महिने गोड्या पाण्याचा मारा सोसणाऱ्या समुद्रात हे प्रवाळ टिकून आहेत, हेच त्यांचे मोल. त्यांच्या आधाराने काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, पोपट मासे, खडकाच्या कपारीत दबा धरून बसलेला गोब्रा, समुद्रकाकड्या, साळूसारखे काटे असलेले समुद्री अर्चिन अशी मोठी वस्ती असते. तरंगत एका जागी शांत राहणाऱ्याला ती दिसते. हातपाय मारत पुढे जाणाऱ्याला फक्त उडालेली वाळू दिसते.

प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. हजारो सूक्ष्म प्राणी एकत्र राहून चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल उन्हाच्या मदतीने त्यांना अन्न पुरवते. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापले तर हे शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि तापमान उतरले नाही तर मरतो. मालवणच्या प्रवाळांवर असे प्रसंग येऊन गेले आहेत. त्यात माणसाच्या पायाखाली मोडण्याची भर पडली तर ती भरून निघत नाही, कारण गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक असलेले २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. शिवाय कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला आणि किनाऱ्यावर पडलेला असला तरी, पिशवीत घालून नेणे हा गुन्हा आहे.

दिवस आणि वेळ ठरवण्यासाठी तिथी उपयोगी पडते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे धरायची आणि मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, खडकांमधून ओढ वाढते आणि तळाचा गाळ ढवळला जातो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची हालचाल मंद असते. म्हणून दशमी, एकादशी किंवा द्वादशीची सकाळ निवडावी. त्या दिवशी भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते, खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेले असते आणि प्रवाळांवर तरंगायला पुरेशी खोली मिळते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात पृष्ठभाग सपाट राहतो. अकरानंतर खारे वारे सुरू होतात आणि लहान लाटा श्वास घेण्याच्या नळीत पाणी भरू लागतात. दुपारी तीनची फेरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

स्नॉर्कलिंगला तीनच वस्तू लागतात : मुखवटा, श्वासनळी आणि पायाचे पंख. त्यांत मुखवट्याची पारख महत्त्वाची. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. केसांची बट, ओढणीची कड किंवा दाट मिशी मध्ये आली की पाणी शिरते. मिशीवर थोडे व्हॅसलीन लावल्याने फरक पडतो. काचेच्या आतल्या बाजूला थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने खळबळली तर बाष्प धरत नाही. चष्मा घालून मुखवटा बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरची काच असलेला मुखवटा आधी मिळवावा, नाहीतर जवळ जाऊनही काही दिसत नाही. भाड्याची नळी तोंडात धरण्याआधी स्वच्छ धुऊन घ्यावी, किंवा स्वतःची न्यावी. तिची किंमत फार नसते.

नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते आणि ती याहून लांब नसते याला कारण आहे. पाण्याचा दाब छातीवर पडतो. शरीर जरा खोल गेले तरी छाती फुगवून वरची हवा ओढणे स्नायूंना जमत नाही, शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास परत आत येतो. म्हणून स्नॉर्कलिंग हा पृष्ठभागावर पालथे तरंगत पाहण्याचा प्रकार आहे. श्वास तोंडाने, सावकाश आणि पूर्ण सोडत घ्यावा. नळीत पाणी आले तर घाबरून डोके वर काढण्याऐवजी एक जोरदार फुंकर मारावी, पाणी वरून उडून जाते. ही फुंकर आणि तोंडाने श्वास घेणे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दहा-पंधरा मिनिटे घटवावे, मगच होडीतून उतरावे. पहिल्या वेळी अडचणीत येणारे बहुतेक जण पोहता येत नाही म्हणून नव्हे, तर श्वास भरभर घेऊ लागतात म्हणून अडचणीत येतात. खाली सूर मारण्यापूर्वी मुद्दाम जोरजोरात श्वास घेण्याची सवय घातक आहे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची निकड जाणवत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही असे दगावले आहेत.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालावे. ते असले की तरंगण्यात शक्ती जात नाही आणि पाय खाली लोंबत नाहीत. पाय लोंबले की प्रवाळावर टेकतात. थकवा आला तर पाठीवर उताणे होऊन होडीच्या माणसाला हात उंच करून खूण करावी, खडकावर उभे राहू नये. त्या खडकांवरची कालवे ब्लेडसारखी कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. दमा, हृदयविकार किंवा फेफरे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मद्य घेतलेल्याला कोणत्याही परिस्थितीत होडीत घेऊ नये, सोबत्यांनीच त्याला अडवावे. पाण्यात जोडीने राहावे आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नये.

उन्हापासून संरक्षणासाठी पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा पोहण्याचा सदरा सर्वांत चांगला. पाठ आणि पोटऱ्या पाण्यात थंड राहतात, त्यामुळे भाजल्याचे तासाभरानंतर कळते. सनस्क्रीन लावायचेच तर ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्झेट नसलेले निवडावे. ही दोन रसायने प्रवाळांना अपायकारक असल्याने हवाई राज्याने ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे. माशांना पाव, बिस्किटे किंवा पोळीचे तुकडे टाकून गोळा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. छायाचित्र चांगले येते, पण शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणारे मासे आपले काम सोडून होडीभोवती फिरू लागतात. पाहुण्यांनी स्वतः नको म्हटले तर होडीवाले पाव टाकत नाहीत.

दंशांची भीती वाटते त्या मानाने त्यांचा धोका कमी आहे, मात्र एक नियम पाळावा : कशालाही हात लावू नये. शंकूच्या आकाराच्या काही सुंदर शंखांत विषारी काटा असतो. लायनफिशचे काटे पिसांसारखे दिसतात. उथळ वाळूत चालताना पाय घासत पुढे न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच निघून जाते. विषारी काटा रुतला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जावे. जेलीफिशचा दंश चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावा.

होडी ठरवताना दराच्या घासाघिशीपेक्षा चार प्रश्न विचारणे फायद्याचे. नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे का, किती माणसे घेण्याची परवानगी आहे, प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट आहे का, आणि होडी प्रवाळाजवळ नांगर टाकते की बोयाला बांधते. नांगर प्रवाळावर पडला तर एका फेरीत कित्येक वर्षांची वाढ मोडते. २४ मे २०२२ रोजी मालवणशेजारच्या तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. हंगाम संपता संपता समुद्र फुगू लागतो, तेव्हा गर्दी असूनही फेरी टाळावी. किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर जाळ्याच्या आतल्या पाण्यात पोहायला जाऊ नये. गावाचे पोट त्यावर आहे, आणि जाळ्यात पाय अडकणेही धोक्याचे आहे.

समुद्र आधी की घाट आधी, हा प्रश्न आवडीचा नाही, तर शरीराचा आहे. फक्त स्नॉर्कलिंग केले असेल तर कोणताही क्रम चालतो. स्कूबा डायव्हिंग केले असेल तर चालत नाही. खोल पाण्यात दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. त्याच दिवशी उंचावर गेल्यास हवेचा दाब आणखी घटतो आणि नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्रास होऊ शकतो. डायव्हिंगच्या रूढ मार्गदर्शक नियमांनुसार सुमारे ६०० मीटरच्या वर जाण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. आंबोली या रेषेच्या वर आहे. सकाळी तारकर्लीला स्कूबा आणि दुपारी आंबोली, असा बेत अनेक सहलींच्या वेळापत्रकात सर्रास असतो. तो बदलून घ्यावा. सर्वांत सोयीचे म्हणजे आंबोली आधी आणि मालवण नंतर. विमानाने परतायचे असेल तर शेवटचा दिवस जमिनीवर घालवावा, सिंधुदुर्ग किल्ला त्यासाठी राखून ठेवता येतो. १६६४ साली कुरटे बेटावर पायाभरणी झालेला हा किल्ला निवांत पाहायला अर्धा दिवस लागतो.

सावंतवाडीपासून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. मुख्य धबधबा गावाच्या अलीकडे, थेट घाटरस्त्यालगत आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी येथे वाहनांची रांग लागते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठच्या आत पोहोचणाऱ्याला तो निवांत मिळतो. गावापासून साधारण दहा किलोमीटरवर नांगरतास आहे. तिथे पाणी अरुंद घळीत कोसळते आणि ते वरूनच, कठड्याआड उभे राहून पाहायचे असते. घळीत उतरण्याचा प्रयत्न करू नये. कावळेसादला दरीतून वर येणारा वारा पाण्याचे फवारे उलटे फेकतो. ते पाहताना कठडा ओलांडणाऱ्यांनी येथे जीव गमावले आहेत. हिरण्यकेशी नदीचा उगम असलेले देवस्थान शांत आहे. तेथील पाण्यात २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाची नवी जात नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. त्या कुंडात साबण लावणे किंवा पाय बुडवून बसणे टाळावे.

भिजायचे असेल, विशेषतः मुले बरोबर असतील, तर कणकवलीजवळचा सावडाव धबधबा बरा. पाणी रुंद कातळावरून पसरून पडते आणि पायथ्याशी उथळ असते. मात्र त्याचा बहर पावसाळ्यापुरता. वैभववाडी तालुक्यातील नापणे येथील धबधबा बारमाही आहे. तळेरे-वैभववाडी रस्त्यावरच्या नाधवड्याहून तिथे जाता येते. डिसेंबर-जानेवारीत, समुद्र सर्वांत नितळ असताना, मालवणला येणाऱ्यांसाठी हाच खात्रीचा धबधबा. गोव्यातील ३१० मीटर उंचीचा दूधसागरही हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत भरभरून वाहतो आणि कुळे येथून जीपने जाण्याची सोय पावसाळ्यानंतर सुरू होते. त्यासाठी पूर्ण दिवस वेगळा काढावा.

धबधब्याखाली सर्वांत मोठा धोका वरच्या बाजूने येतो. खाली ऊन असले तरी माथ्यावर सर पडली की काही मिनिटांत प्रवाह वाढतो. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागणे, आवाज जड होणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच सामान उचलायला न थांबता, ज्या काठावर असाल त्याच काठाने उंच जागी जावे. पलीकडे सोबती असले तरी प्रवाह ओलांडू नये. धारेच्या थेट खाली उभे राहू नये, पाण्याबरोबर दगड येतात. कोंडात उडी मारू नये, वरून खोली कळत नाही आणि पडणाऱ्या पाण्याच्या फेसात माणूस तरंगत नाही. शेवाळलेल्या कातळावर चामड्याचे किंवा गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, खाचदार रबरी तळाचे घालावेत. घाटात धुके उतरले तर वाहनाचे पुढचे आणि मागचे दिवे लावून सावकाश जावे आणि दरडीच्या कडेला गाडी उभी करू नये.

आंबोलीच्या वाटांवर पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे जळवा असतात. चिकटलेल्या जळूवर मीठ टाकले की ती सुटते. ओढून काढली तर जखम जास्त वाहते. मलबारी चापडा हा विषारी साप पानांच्या रंगात मिसळून कमरेच्या उंचीच्या फांद्यांवर बसतो, म्हणून चढताना न पाहता फांदी धरू नये. दंश झाल्यास तो अवयव स्थिर ठेवून सावंतवाडीचे रुग्णालय गाठावे. चिरा देणे आणि आवळून बांधणे दोन्ही टाळावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आधीच फोनमध्ये घालून ठेवावेत.

कोकणात पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून त्याचे जंतू पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. म्हणून समुद्रात कालवांनी कापलेले पाय घेऊन भाताच्या बांधावरून किंवा ओढ्यातून अनवाणी चालू नये. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. घरी परतल्यावर दोन-चार आठवड्यांच्या आत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना कोकणात पाण्यात आणि चिखलात फिरल्याचे आपणहून सांगावे. हा आजार लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.